रेव्हिटमध्ये खोल्यांचे विभाग: 'डिपार्टमेंट' की 'एरिया प्लॅन'?

ऑटोडेस्कच्या रेव्हिट या इमारतींचे मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये खोल्या मोठ्या विभागाशी, उदाहरणार्थ सदनिकेशी किंवा रुग्णालयातील कक्षसमूहाशी, जोडण्याचे दोन रूढ मार्ग आहेत. पहिल्या मार्गात प्रत्येक 'रूम'च्या, म्हणजे मॉडेलमधील खोलीच्या, 'डिपार्टमेंट' रकान्यात विभागाचे नाव लिहिले जाते. त्यावरून शेड्यूलमध्ये, म्हणजे मॉडेलमधून निघणाऱ्या तक्त्यात, गटवार बेरीज मिळते, रंगीत आराखडा निघतो आणि खोलीची भिंत सरकली की आकडेही आपोआप बदलतात. मात्र हा रकाना निव्वळ मजकुराचा असल्याने 'बाह्यरुग्ण' आणि 'बाह्य रुग्ण' हे दोन वेगळे विभाग ठरतात. त्यामुळे की-शेड्यूलमधून, म्हणजे आधीच ठरवलेल्या नोंदींच्या तक्त्यातून, ठरावीक नावेच निवडू द्यावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसऱ्या मार्गात एरिया प्लॅनवर, म्हणजे क्षेत्रफळ मोजण्यासाठीच्या वेगळ्या आराखड्यावर, विभागाची स्वतंत्र हद्द आखली जाते. त्या हद्दीला आतील खोल्यांची माहितीच नसते, त्यामुळे कोणती खोली कुठे मोडते हे वेगळे नोंदवावे लागते.

तरीही क्षेत्रफळाच्या बाबतीत हाच मार्ग अपरिहार्य ठरतो. स्थावर मालमत्ता नियमनाच्या २०१६ च्या रेरा कायद्यानुसार चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) सदनिकेच्या अंतर्गत भिंतीही धरल्या जातात. रूमचे क्षेत्रफळ भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत मोजले, तर खोल्यांच्या बेरजेत त्या भिंतींची जाडी येतच नाही आणि ग्राहकाला दाखवायचा आकडा कमी भरतो. म्हणून खोल्यांच्या नियोजनासाठी मी 'डिपार्टमेंट' निवडेन, चटई क्षेत्रासाठी एरिया प्लॅन, आणि सदनिका क्रमांक मात्र दोन्हीकडे एकाच पद्धतीने लिहीन, म्हणजे दोन शेड्यूल शेजारी ठेवून तपासता येतील.