अभ्यासिकेखालचा कॅफे: चवीला चार स्टार, बाकीचं वाचून ठरवा

सदाशिव पेठेत आमच्या अभ्यासिकेच्या बरोबर खाली हा कॅफे आहे, नाव टाकत नाही कारण मालक ओळखतो आणि माझी उधारी पण चालू आहे. चव भारी, वादच नाही. हात सैल आहे, चीज किसायला लागला की पोरगा थांबतच नाही, बटर तर विचारूच नका. ९९ च्या कॉम्बोत मेयो सँडविच, फ्राइज आणि कोल्ड्रिंक, म्हणजे मेसच्या एका ताटाएवढ्याच पैशात पोट टम्म.

आता खरा मुद्दा टायमिंगचा. मेस रात्री साडेनऊला बंद, अभ्यासिकेतली पोरं अभ्यास आटपून उठतात अकराला, तेव्हा अख्ख्या गल्लीत लाइट फक्त इथलाच चालू असतो. रविवारी तर दुपारी फीस्ट आणि रात्री मेसला सुट्टी, त्यामुळे त्या रात्री इथे उभं राहायला पण जागा नसते. गावाकडून हडकुळा आलेला पोरगा दुसऱ्या प्रिलिमपर्यंत (म्हणजे स्पर्धा परीक्षेची पहिली चाळणी) अंगाला होत नाहीत म्हणून सगळे शर्ट बदलतो, हे आमच्याकडे इतकं कॉमन आहे की कोणी चिडवत पण नाही आता. घरी गेलं की आई खूश, तब्येत सुधारली म्हणते!

लोक म्हणतात आजकालच्या पोरांना खाण्यावर कंट्रोल नाही. अहो कंट्रोल कुठून येणार, दिवसभर खुर्चीत, चालणं म्हणजे रूम ते अभ्यासिका, झोप पाच तास, आणि झोप कमी झाली की भूक वाढते, ती पण गोड-तेलकट खायचीच, वर टेन्शन वेगळं. भूक लागते तेव्हा समोर फक्त हाच मेन्यू. पोलीस भरतीवाली पोरं पण इथेच अभ्यासाला असतात, पण त्यांना १६०० मीटर पळायचं असतं म्हणून ती दहालाच झोपतात, पहाटे ग्राउंडवर असतात. या कॅफेत रात्री त्यातलं एक पण दिसणार नाही. पोरं तीच, गावं तीच, फरक फक्त दिवसाच्या आखणीचा.

कॉम्बोतलं कोल्ड्रिंक फुकट वाटतं ना, २५० मिलीच्या कोलात साखर साधारण २६ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा, तो कोटा इथे रात्री साडेअकराला एका ग्लासात संपतो आणि मग लगेच झोप. मेयोत पण मुख्य माल तेलच.

आणि हे काही आमच्या गल्लीपुरतं नाही. सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या पुरुषांमध्ये वजन जास्त असलेले २०१५-१६ ला १९ टक्के होते, २०१९-२१ ला २३ टक्के झाले, बायकांमध्ये २१ वरून २४. चार-पाच वर्षांत अख्ख्या देशाचा कंट्रोल सुटला असं कोण म्हणेल?

मालकाला वाईट म्हणणार नाही, जे खपतं ते तो विकतो आणि माणूस सज्जन आहे. मी त्याला म्हटलं उकडलेली अंडी आणि पोळीचा भाजी रोल ठेव की रात्री, तर म्हणाला अंडी ठेवली तर बिल्डिंगवाले बोंबलतील, रोलचं बघतो. अजून बघतोयच.

तोपर्यंत जाणाऱ्यांसाठी: साधं व्हेज सँडविच हिरवी चटणी लावून, मेयो नको म्हणून सांगा, तोंड वाकडं करतात पण देतात. कॉम्बोत कोल्ड्रिंकच्या जागी ताक मागितलं तर वीस रुपये जास्त घेतात, हा मात्र चक्क अन्याय आहे आणि याचाच एक स्टार कापलाय. पंखा फक्त आतल्या टेबलावर. कार्ड चालत नाही, स्कॅनर आहे.