पद्मिनीच्या टाकीचं व्हेंटिंग (टाकीत हवा जायची-यायची सोय): व्हेंटवाली कॅप आणि टू-वे व्हॉल्व, उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, १०८९ सीसी, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप मेकॅनिकलच. तक्रार अशी की गावात एकदम मक्खन, पण वर्धा रोडला लागून बुटीबोरीकडे एकसारखी सत्तरने सोडली की थोड्या वेळाने झटके द्यायला लागायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर आणखीनच, आणि मग बंद. जरा वेळ उभी ठेवली की जसं काही झालंच नाही अशी एका सेल्फमध्ये सुरू. नागपुरात कोणालाही सांगा, उत्तर ठरलेलं, "ऊन लागलं बे गाडीला, व्हेपर लॉक आहे, पंपावर ओला फडका टाक." म्हणजे गरमीने नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पेट्रोल पुढे जात नाही. अरे पण माझी गाडी जानेवारीत सकाळी सकाळी बंद पडून राहिली होती, तेव्हा कुठलं ऊन राजेहो!

मोमिनपुऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मात्र बरोबर सांगितलं, बंद पडली की बोनेट नको उघडू भाऊ, आधी मागं जाऊन टाकीचं झाकण उघड. उघडलं तर सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली, चांगली दोन-तीन सेकंद, आणि गाडी लगेच चालू. पंप जेवढं पेट्रोल ओढतो तेवढी हवा टाकीत यायला पाहिजे, नाही आली तर आत व्हॅक्यूम होतो आणि पंपाच्या डायफ्रामला (आतल्या पडद्याला) तेवढं ओढणं झेपत नाही. गावात पेट्रोल कमी लागतं, अधूनमधून गाडी उभी राहते, म्हणून कळतच नाही. व्हेपर लॉक वेगळा, तो ट्रॅफिकमध्ये इंजिन तापल्यावर येतो आणि त्यात झाकण उघडून काही फरक पडत नाही.

आता हवा येत काहून नव्हती? जुन्या मालकाने बाजारातली लॉकवाली कॅप बसवली होती, ती पूर्ण सीलबंद, आणि टाकीच्या ब्रीदर पाइपच्या, म्हणजे हवा जायच्या-यायच्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने चिखलाचं घर केलेलं. तार घालून खरडलं तर वाळलेली माती आणि आत तिने कोंबून ठेवलेले कोळी निघाले. गाडी वर्षभर शेडमध्ये उभी असेल तर पहिले हा पाइप बघा, कार्बोरेटर नंतर खोला.

आधी फक्त व्हेंटवाली कॅप घेतली. बाहेरून दोन्ही कॅपा डिट्टो सारख्याच दिसतात, दुकानदारालाही फरक माहीत नसतो. उलटी करून आत बघायचं, मधोमध स्प्रिंगवर बसलेली छोटी चकती असते, बोटाने दाबली की हलते. ती नसेल तर घेऊ नका. आणि एका गॅरेजवाल्याने मला जुन्या कॅपलाच ड्रिलने भोक पाडून देतो म्हटलं होतं, ते तर अजिबातच नको, वळणावर पेट्रोल उसळून बाहेर येतं आणि पावसात पाणी आत जातं.

कॅपने बंद पडणं थांबलं, ते आजपर्यंत परत नाही, त्यासाठी फुल मार्क. पण मे महिन्यात दुसरंच नाटक सुरू झालं. पेट्रोल पंपावरचं पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून थंड येतं, तीस लिटर भरून गाडी उन्हात लावली आणि ते वीस डिग्रीने तापलं तर अर्ध्या लिटरच्या वर फुगतं. कॅपची चकती हवा आत घ्यायला ठीक आहे, पण एवढं बाहेर सोडायला अपुरी, त्यामुळे गाडीत वास, फिलरखाली (पेट्रोल भरायच्या तोंडाखाली) ओघळ, पेंटची वाट, आणि टाकीतल्या प्रेशरने पेट्रोल कार्बोरेटरच्या नीडलला (पेट्रोल अडवणाऱ्या सुईला) ढकलून फ्लडिंग, म्हणजे इंजिनात नको तेवढं पेट्रोल. दुपारी सीताबर्डीत उभी केलेली गाडी सुरू करताना सेल्फ मारून मारून जीव जायचा.

म्हणून मग ब्रीदर पाइपला नवीन लाइन काढली. होजचा वळसा फिलरच्या तोंडापेक्षा उंच नेला, तिथे टू-वे व्हॉल्व बसवला जो दोन्हीकडून थोड्याशा दाबावर उघडतो आणि गाडी उलटली तर बंद होतो, आणि शेवटचं टोक गाडीबाहेर, सायलेन्सरपासून लांब, खाली तोंड करून, त्याला बारीक जाळी म्हणजे माशीबाई परत यायला नको. व्हॉल्व उभाच बसला पाहिजे, आडवा लावला तर तो अडकतो. होज व्हायटॉनची (पेट्रोल-इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची) घेतली, महाग आहे, पण आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनी रबरी होज फुगते, मऊ पडते, आतून सुटते आणि मग तो काळा चुरा फिल्टरमध्ये. हे काम करताना टाकी रिकामी, बॅटरीची वायर काढलेली आणि गाडी उघड्यावर, तिथे कंजुषी नको.

यानंतर वास जवळपास गेला. रामटेकला भर दुपारी जाऊन आलो, मनसरला चहा घेऊन परत सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात चालू. पावसाळ्यात फिल्टर काढून काचेच्या बाटलीत पेट्रोल ओतून बघितलं, खाली पाण्याचा थर नव्हता. मायलेजमध्ये फरक म्हणाल तर मला तरी काही जाणवला नाही.

तक्रारी आहेतच. टाकी गळ्यापर्यंत भरली तर वास अजूनही येतो, त्यामुळे पंपावरच्या पोराला नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांब म्हणून सांगावं लागतं आणि तो राउंड फिगर करायच्या नादात ऐकत नाही. कॅपचा रबर गास्केट उन्हाळ्यातच कडक झाला, मी दुसरा घालून घेतला. आणि नवीन कॅपला लॉक नाही, त्यामुळे रात्री गाडी रस्त्यावर लावणाऱ्यांनी आधी लॉक आणि व्हेंट दोन्ही असलेली कॅप शोधावी, मला इतवारीत तरी मिळाली नाही.