जैतापूरजवळची पत्र्याच्या शेडमधली खानावळ: बांगड्याचं तिखलं, सोलकढी आणि अणुकरार

सासरवाडी लांज्याची, त्यामुळे राजापूर, जैतापूर, माडबन हा पट्टा मला नवा नाही. पण या खानावळीत पहिल्यांदा गेलो ते दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आणि तेव्हापासून तीनदा जाऊन आलोय, म्हणून म्हटलं आता नीट लिहूनच टाकू. नाव लिहीत नाही कारण नावच नाहीये, रस्त्यालगत एका पत्र्यावर पांढऱ्या रंगाने "घरगुती जेवण मिळेल" एवढंच लिहिलंय. राजापूरहून जैतापूरकडे जाताना गाव यायच्या थोडं आधी. चिऱ्याचं घर, पुढे पत्र्याची शेड, चार टेबलं, बाहेर एक लाकडी बाकडं. काकू करतात, काका वाढतात, सून भाकऱ्या भाजते.

आधी जेवणाचं. बांगडा थाळी १८० रुपये, सुरमई थाळी ३५०. तांदळाची भाकरी किंवा चपाती, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, एक तळलेला तुकडा, भात, सोलकढी, आणि त्या दिवशी घरात जे काही असेल ते, म्हणजे कधी सुकटाची चटणी, कधी कुळथाची पिठी. तिखलं घट्टसर, तेल वर तरंगत नाही, चिंच-कोकमाचा आंबटपणा आणि तिरफळाचा तो जिभेला मुंग्या आणणारा वास, आणि मासा ताजा म्हणजे इतका ताजा की काकू सकाळी प्रत्येक बांगड्याचे कल्ले बोटाने उचलून बघतात, लालभडक नसेल तर परत टोपलीत. हे मी समोर बसून बघितलंय. ज्याच्याकडून घेतात तो तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचा म्होरक्या, खाडीपलीकडच्या साखरी नाट्याचा, त्यालाही त्यात काही वाईट वाटत नाही, वीस वर्षांचा व्यवहार आहे. सोलकढी नारळाच्या दाट दुधाची, मागितली की परत वाढतात आणि बिलात लावत नाहीत.

तक्रारी पण सांगतो. शाकाहारी माणसाला फार काही नाही, बायकोच्या आत्याला वालाचं बिरडं आणि भात यावर भागवावं लागलं. हात धुवायला मागच्या अंगणात जावं लागतं आणि पावसात तिथे घसरायला होतं. रेंज नसते म्हणून फोनवरून पैसे जात नाहीत, रोख घेऊन जा. आणि दुपारी लाइट गेली की पत्र्याखाली भट्टी होते, दुसऱ्या खेपेला आम्ही बसलो आणि पाच मिनिटांत पंखा बंद.

त्या लाइट जाण्यावरूनच विषय निघाला खरंतर. बाजूच्या टेबलावर एक निवृत्त गुरुजी बसले होते, ते म्हणाले इथला जैतापूरचा अणुवीज प्रकल्प झाला असता तर ही वेळ आली नसती. बाहेरच्या बाकड्यावरून तांडेल लगेच म्हणाला, वीज मुंबईला जाणार गुरुजी, गरम पाणी आमच्याकडे येणार. मग पुढचा दीड तास जो वाद झाला तो इतका चांगला होता की मी तिसऱ्या वेळी निम्मा त्याच्यासाठीच गेलो.

मला हा विषय जवळचा आहे. २००८ साली मी कॉलेजात होतो, हॉस्टेलच्या टीव्हीसमोर २२ जुलैच्या रात्री आम्ही चाळीसेक पोरं बसलो होतो, अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढलेला, मनमोहन सिंग सरकारचा विश्वासदर्शक ठराव, लोकसभेत नोटांच्या गड्ड्या फडकवलेल्या, आणि शेवटी २७५ विरुद्ध २५६. मी कराराच्या बाजूने होतो, अगदी टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्यातले दोघं कडाडून विरोधात. त्या तीन वर्षांत, म्हणजे जुलै २००५ च्या संयुक्त निवेदनापासून, आम्हाला सगळं पाठ झालं होतं: अमेरिकेने या करारासाठी केलेला हाइड कायदा काय म्हणतो, १२३ करार म्हणजे अमेरिकेच्या अणुऊर्जा कायद्यातलं १२३ वं कलम, पुन्हा अणुचाचणी केली तर इंधन बंद होणार का, कुठल्या अणुभट्ट्या नागरी आणि कुठल्या लष्करी. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं उदाहरण तर दोन्ही बाजूंनी दिलं जायचं. १९६९ पासून चालू आहे म्हणून आणि १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने इंधन देताना कसं अडवलं म्हणूनही. तेव्हाचे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी फास्ट ब्रीडर, म्हणजे जळतं त्याहून जास्त इंधन तयार करणारी अणुभट्टी, आंतरराष्ट्रीय तपासणीच्या बाहेर राहिली पाहिजे म्हणून ठामपणे भूमिका घेतली याचा आम्हा मराठी पोरांना फार अभिमान होता, मला अजूनही आहे.

पण त्या तीन वर्षांत हॉस्टेलमधल्या आम्हा कुणाच्या तोंडी या प्रकल्पाच्या जागेचं, माडबनचं नाव आलं नव्हतं. लांज्यात तेव्हा माझी सासरवाडी नव्हती, जैतापूर कुठे आहे ते मला नकाशात दाखवता आलं नसतं.

गुरुजींना सगळ्या तारखा पाठ आहेत. ६ सप्टेंबर २००८ ला अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला अणुव्यापारासाठी सूट दिली आणि महिना पुरा व्हायच्या आत, ३० सप्टेंबरला, पॅरिसमधे फ्रान्सबरोबर करार झाला. अमेरिकेबरोबरच्या करारावर सही झाली १० ऑक्टोबरला, म्हणजे ज्यासाठी सरकार पडता पडता वाचलं त्याच्याआधी फ्रान्सचं काम झालेलं. आणि त्या फ्रान्सच्या करारातून आलं ते जैतापूर, सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट, एकूण ९९००. डिसेंबर २०१० मधे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी भारतात आले तेव्हा पहिल्या दोन अणुभट्ट्यांसाठी अरेवा या फ्रेंच कंपनीबरोबर करार झाला आणि त्याच्या आठवडाभर आधी पर्यावरण परवानगी मिळाली, ३५ अटी घालून.

गुरुजींचं म्हणणं साधं आहे आणि मला ते हलकं वाटत नाही. फ्रान्स आपली दोन तृतीयांश वीज अणूतून काढतो, आपण जेमतेम तीन टक्के. कोळसा जाळून पोरांच्या छातीत धूर भरायचा की हे करायचं? तारापूरला अर्धशतक होऊन गेलं, काय झालं? आणि इथली पोरं मुंबईला चाकरमानी म्हणून जातात, गावात म्हातारी उरतात, त्याचं काय?

तांडेलाचं उत्तर तारापूरपासूनच सुरू होतं. तो तिकडे जाऊन आलाय, अक्करपट्टी आणि पोफरणची माणसं, ज्यांची गावं तारापूरच्या पुढच्या युनिटांसाठी उठवली, त्यांना भेटलाय. समुद्रात गरम पाणी सोडलं की मासा लांब जातो असं त्याचं म्हणणं, आणि त्याहून मोठी भीती बंदोबस्ताची, प्रकल्प आला की त्या पट्ट्यात होड्यांना जाऊ देणार नाहीत, मग जाळं टाकायचं कुठे. एप्रिल २०११ मधे गोळीबार झाला, एक मच्छीमार गेला, हे सांगताना तो आवाज चढवत नाही, फक्त चहाचा ग्लास खाली ठेवतो. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी फुकुशिमा झालेलं. टीव्हीवर सगळ्या गावाने बघितलेलं, तेही समुद्रकाठचं गाव.

काका बराच वेळ गप्प होते. मग आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले, त्यातून सातबारा काढला, घडीवर फाटत आलेला, मागून पारदर्शक टेप लावलेली. त्यांची सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची, काही गुंठे जमीन गेली आहे, माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या बाजूची मिळून ९३८ हेक्टर गेली त्यातलीच. बोट ठेवून त्यांनी एक शब्द दाखवला: पोटखराबा. म्हणजे सरकारी भाषेत पिकाला नालायक. "या पोटखराब्यावर आमची चार गुरं उन्हाळाभर चरायची, पावसात नाचणी व्हायची, गवत विकून पोरीची फी भरली," म्हणाले. पहिली भरपाई त्या शब्दाच्या हिशोबाने ठरली. पुढे २०१३ मधे सरकारने हेक्टरी साडेबावीस लाख जाहीर केले, तेव्हा त्यांनी दोन वर्षं नाही म्हणून शेवटी चेक घेतला. घेतला म्हणून तांडेल त्यांच्यावर रागावलेला नाही, मासे अजून इथेच देतो.

मी तो कागद हातात घेऊन बसलो होतो आणि मला हॉस्टेल आठवत होतं. तिकडे आम्ही करारातल्या एकेका शब्दावर रात्री जागवल्या, चाचणीचा हक्क लिहिलाय की नाही, इंधनाची हमी आहे की नुसतं आश्वासन. देशासाठी ते शब्द महत्त्वाचे होतेच, मी आजही तो वाद फुकट गेला असं म्हणणार नाही. पण हा शब्द कुणी वाचला नव्हता. सार्वभौमत्वाचा प्रश्न दिल्लीपुरता नसतो हो, ज्याच्या सड्यावर अणुभट्टी बसणार त्यालाही विचारायला हवं होतं, आणि आधी विचारायला हवं होतं, ठरून गेल्यावर जनसुनावणी घेऊन नाही. फेब्रुवारी २०११ मधे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण माडबनला येऊन लोकांशी बोलले खरे. अणुकराराच्या काळात ते पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते, म्हणजे विषयाची माहिती असलेला माणूस, पण तोवर पॅरिसचा करार होऊन अडीच वर्षं झाली होती.

गुरुजी एका बाबतीत मात्र बदललेत आणि ते त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांना वाटलं होतं दहा वर्षांत वीज मिळेल. याच जातीची अणुभट्टी फिनलंडमधे ओल्किलुओटोला २००५ मधे बांधायला घेतली, नियमित वीज द्यायला लागली २०२३ मधे. खुद्द फ्रान्समधे फ्लामानव्हिलला २००७ ला सुरुवात, ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मधे, खर्च कितीतरी पट. चीनमधे तायशानला त्यामानाने लवकर झाली, २०१८ पासून चालू, तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मधल्या काळात अरेवाच्या जागी ईडीएफ ही फ्रान्सची सरकारी वीज कंपनी आली, २०१८ मधे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन आले तेव्हा पुन्हा एक करार झाला, २०२१ मधे ईडीएफने आपला प्रस्ताव दिला, भाव काय आणि अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची यावर घोडं अडलेलं. त्या भरपाईवर तांडेलाचा प्रश्न फार नेमका होता. २०१० च्या कायद्यात चालवणाऱ्या कंपनीची जबाबदारी दीड हजार कोटींपर्यंत ठेवली आणि पुरवठादारालाही धरता येईल असं १७ वं कलम टाकलं, तेव्हा भोपाळ सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं. मग बाहेरच्या कंपन्या त्या कलमाला कुरकुरायला लागल्या. तांडेल म्हणाला, यंत्र इतकं सुरक्षित आहे म्हणतात तर मग जबाबदारी घ्यायला का घाबरतात? गुरुजींकडे उत्तर नव्हतं, त्यांनी तसं म्हणून दाखवलं, आणि टीव्हीवरच्या चर्चेत मी हे एकदाही बघितलेलं नाही.

काकू सगळ्या वेळात चुलीपाशी. शेवटी पैसे देताना मी विचारलं की शेडवर स्लॅब का नाही टाकत, उन्हाचा त्रास होतो गिऱ्हाइकांना. त्या म्हणाल्या, "कधी टाकू तुम्हीच सांगा भावोजी. २०११ ला पैसे जमवले तर हे म्हणाले प्रकल्प येतोय, रस्ता रुंद होईल, शेड जाईल, थांब. मग म्हणाले येत नाही. मग परत फ्रान्सचे लोक आले. दर वेळी बातमी आली की सिमेंटचे पैसे आम्ही दुसरीकडे घालतो." त्यांना बाजूने आहात की विरोधात असं विचारलं तर म्हणाल्या, मला एकदा तारीख सांगा, होणार तर होणार म्हणून आणि नाही तर नाही म्हणून, पण कागदावर.

मला अणुऊर्जा नको असं अजूनही वाटत नाही. देशाला वीज लागणार आहे आणि आभाळ काळं करून ती काढणं परवडणार नाही. पण माझ्या पुढ्यातला बांगडा ज्या पाण्यातून आला तिथे काय सोडणार, किती सोडणार, मासा कमी झाला तर तांडेलाला कोण काय देणार, हे त्याच्या भाषेत त्याला आधी लिहून द्या, मग बोला. इतक्या वर्षांनी तरी.

जाणाऱ्यांसाठी: आदल्या दिवशी कळवलं तर तिसऱ्या (शिंपले) नाहीतर सौंदाळे मासे मिळू शकतात, नंबर शेडच्या खांबावर लिहिलाय. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या माशावर भागवावं लागतं, तेही छान करतात पण मग लांबून मुद्दाम जाऊ नका. मे महिन्यात गेलात तर अंगणातल्या कलमाचा आमरस मिळतो, वाटी ४० रुपये. एक वाजायच्या आत पोचा, दोननंतर तिखलं संपतं. गुरुजी साधारण मंगळवारी आणि शनिवारी असतात, तांडेल रोजच, मासे देऊन झाले की चहाला थांबतो. बाहेरच्या बाकड्यावर जागा असेल तर तिथेच बसा, आत गरम होतं.