बिनशेपटीच्या विमानासाठी आर्डूपायलट : वापरण्याजोगं, पण मिक्सिंग नीट समजून घ्या

शेपटी काढली की हवेचा रोध घटतो, इंधन वाचतं. पण पिच (नाक वर-खाली होणं) आणि रोल (डावी-उजवीकडे कलणं) दोन्ही एलेव्हॉनवर, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांवर, येतात. बोइंग-नासाच्या एक्स-४८बी या प्रायोगिक विमानाला यासाठी असे २० हलते भाग (कंट्रोल सरफेस) होते. आपल्या मॉडेल विमानाला दोनच, त्यामुळे सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर.

आर्डूपायलट हे ऑटोपायलट सॉफ्टवेअर इथे खरंच मजबूत आहे. सेटिंगमध्ये डाव्या एलेव्हॉनच्या सर्वोला (तो हलवणाऱ्या छोट्या मोटरला) फंक्शन क्रमांक ७७ द्या, उजव्याला ७८. पिच आणि रोलच्या आज्ञा एकत्र करून एलेव्हॉनला देणं म्हणजे मिक्सिंग; ती किती जोरात द्यायची हे ठरवणारा मिक्सिंग गेन मुळात ०.५ असतो. जास्त हालचालीच्या मोहात तो १ केला, तर जोरात वळताना एक एलेव्हॉन टोकाला अडकतो आणि पिचला काही उरत नाही. नाक खाली जातं ते इथेच!

उड्डाणाआधी एफबीडब्ल्यूए मोडमध्ये (यात सॉफ्टवेअर विमान स्वतःहून सरळ ठेवतं) मॉडेल हातात धरून उजवीकडे कलवा : उजवा एलेव्हॉन खाली, डावा वर गेला पाहिजे. नाक वर केलं की दोन्ही खाली. उलटं दिसलं तर उडवू नका.

ऑटोट्यूनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर उडताना स्वतःच गेन जुळवतं त्या मोडमध्ये, आधी रोल, मग पिच. प्रत्येकी किमान २० वेळा स्टिक झटकन टोकापर्यंत. वाऱ्याच्या दिवशी करू नका. एअरस्पीड सेन्सर जरूर बसवा, कारण गेन वेगानुसार बदलतात आणि अंदाजी वेगावर ते चुकतात.

एक गोष्ट मात्र कोणतंही ट्यूनिंग सावरत नाही : मागे सरकलेला गुरुत्वमध्य. बॅटरी पुढे घ्या, पट्ट्याने घट्ट आवळा.