डोळ्यातलं इंजेक्शन, लेझर की हळद-त्रिफळा? पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्यावर काय निवडायचं

‘डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) नवीन रक्तवाहिन्या फुटल्यात, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की त्याच संध्याकाळी घरात दुसरी चर्चा सुरू होते. कुणी हळदीच्या कॅप्सूल सुचवतं, कुणी त्रिफळा, कुणी ग्रीन टी. डोळ्यात सुई म्हटल्यावरच अंगावर काटा येतो, तेव्हा मन गोळीकडे वळणारच. म्हणून ही तुलना, मधुमेहातल्या रुग्णांपुरती.

शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत जातात. प्राणवायूला मुकलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्यामुळे नव्या वाहिन्या फुटतात, म्हणजे उगवतात. पण त्या कच्च्या असतात. त्यांना चीर गेली की डोळ्यात रक्त उतरतं. त्यांच्याबरोबर वाढलेली जाळी आकसली की पडदाच ओढून सुटतो. तेव्हा पाहायचं ते इतकंच: हे प्रथिन कोण अडवतं, किती खात्रीनं, आणि वेळेत अडवतं का.

इंजेक्शनचं उत्तर सरळ आहे. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही औषधं व्हीईजीएफला थेट पकडतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. दोन वर्षांनंतर रॅनिबिझुमॅब घेतलेल्यांची नजर लेझर केलेल्यांपेक्षा कमी नव्हती. खर्चाची चिंता असेल तर बेव्हॅसिझुमॅबबद्दल विचारा. ते मुळात आतड्याच्या कर्करोगाचं औषध, पण डोळ्यासाठी बरीच वर्षं वापरात आहे आणि पुष्कळ स्वस्त पडतं. तोटा असा की परिणाम काही आठवडेच टिकतो, म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागतं. डोळ्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका फार थोडा, पण झाला तर गंभीर.

लेझर जुना आहे, म्हणून त्याला कमी लेखू नका. पडद्याचा कडेचा भाग जागोजागी भाजला की त्याची प्राणवायूची मागणी घटते, आणि व्हीईजीएफही घटतं. गंभीर दृष्टिनाश यामुळे निम्म्याहून कमी होतो, हे १९७० च्या दशकातच चाचणीत दिसलं होतं. बदल्यात बाजूचं आणि रात्रीचं दिसणं थोडं कमी होतं. मात्र एकदा नीट झालेलं काम टिकतं. गावाहून शहरात यायला सोबत लागते, सुगी येते, घरात कुणी आजारी पडतं आणि तारीख चुकते. अशांच्या बाबतीत २०१९ चा एक अभ्यास महत्त्वाचा वाटतो: सहा महिन्यांहून जास्त काळ तपासणीला न आलेल्यांत, फक्त इंजेक्शनवर असलेल्यांच्या डोळ्यांचं लेझर झालेल्यांपेक्षा जास्त नुकसान झालं होतं.

आता वनस्पती. यामागे खरं संशोधन आहे, थोतांड म्हणून ते झटकणं चुकीचं ठरेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००७ मध्ये मधुमेही उंदरांच्या पडद्यात वाढलेलं व्हीईजीएफ हळदीतल्या कर्क्युमिननं दबतं असं दाखवलं. चहा प्यायलेल्या उंदरांच्या डोळ्याच्या बुबुळावर नव्या वाहिन्या कमी फुटल्या, हे १९९९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मांडलं. त्रिफळा आणि हिरड्यातलं चेब्युलिनिक आम्ल व्हीईजीएफला रोखतात, असं २०१२ च्या प्रयोगांत दिसलं. पूर्व आशियातल्या एका ऑर्किडच्या कंदातल्या रेणूवर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात काम झालं, आणि त्यातून औषधासाठी एक नवं लक्ष्यही (औषधानं नेम धरावा असा शरीरातला रेणू) सापडलं.

पण हे सगळं उंदरापाशी आणि पेशींपाशी थांबलेलं आहे, आणि मला हीच अडचण सर्वांत मोठी वाटते. नव्या वाहिन्यांसाठी नेहमी वापरला जाणारा प्रयोग असा: उंदराच्या पिलांना पाच दिवस ७५ टक्के प्राणवायूत ठेवायचं, मग साध्या हवेत आणायचं. वाहिन्या फुटतात, पण थोड्याच दिवसांत त्या आपोआप विरतातही. वीस वर्षं मधुमेह असलेल्या आजोबांच्या डोळ्यात तसं होईल असं धरून चालता येत नाही.

दुसरी अडचण मात्रेची. कर्क्युमिन पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. मिऱ्यातल्या पिपेरीनबरोबर ते वीसपट शोषलं जातं, हे १९९८ मध्ये बंगळुरूत दिसलं होतं. पण पिपेरीन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं, आणि मधुमेही माणूस सहसा चार-पाच गोळ्यांवर असतो. जिंको या झाडाच्या अर्कानं रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून पडद्यावर कच्च्या वाहिन्या असताना ते नकोच. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. त्रिफळ्याच्या घरगुती काढ्यानं डोळे धुणं तर टाळाच; तो निर्जंतुक नसतो, आणि पडद्यापर्यंत पोचतही नाही.

झेंडूच्या फुलांतून काढलेल्या ल्युटीन या पिवळ्या रंगद्रव्याची गोष्ट वेगळी, कारण त्यावर माणसांवरची मोठी चाचणी झाली आहे. २०१३ मध्ये १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि त्याच्याच जातीचं २ मिलिग्रॅम झियाझँथिन असलेलं मिश्रण पुढे आलं. ते वयोमानानं पडद्याचा मध्यभाग झिजणाऱ्यांसाठी आहे, तेही ठरावीक टप्प्यावर. मधुमेहात फुटलेल्या वाहिन्या त्यानं थांबत नाहीत, तरी दुकानात ते ‘डोळ्यांसाठी’ म्हणून सरसकट हातात दिलं जातं.

तुमच्या तपासणीत नव्या वाहिन्या दिसल्या असतील तर माझं मत स्पष्ट आहे: तारखा पाळता येत असतील तर इंजेक्शन, येत नसतील तर लेझर, आणि कधी कधी दोन्ही. भाजीतली हळद आणि रोजचा चहा चालू ठेवा. कॅप्सूल आणि अर्क मात्र डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय सुरू करू नका. नव्या वाहिन्या अजून उगवलेल्याच नसतील तर पैसा आणि चिकाटी शुगरवर लावा. टाइप १ मधुमेहींच्या १९९३ च्या चाचणीत काटेकोर नियंत्रणानं पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर एक वाक्य संकोच न करता बोला: ‘मला दर महिन्याला येणं जमेलच असं नाही, मग माझ्यासाठी लेझर बरा का?’