विजेवर चालणारे बिडे आसन: सहा महिन्यांचा अनुभव

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी आईच्या गुडघेदुखीमुळे कमोडवर बसवलेले, शौचानंतर पाण्याच्या धारेने धुणारे हे आसन उपयुक्त ठरले आहे. मात्र पाणी आणि वीज इथे शेजारी नांदत असल्याने अर्थिंगचे सॉकेट आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आधी बसवून घ्यावा, एक्स्टेंशन बोर्ड मुळीच वापरू नये. मधुमेहामुळे आईच्या त्वचेची संवेदना मंदावली आहे, आणि कोमट आसनावरही फार वेळ बसल्यास त्वचा भाजू शकते, म्हणून आसनाचा हीटर आम्ही बंदच ठेवतो. बोअरच्या पाण्यातील क्षार नोझलवर साचून धार वाकडी झाली (तीही पाहुणे आले असताना!), प्लग काढून, पातळ व्हिनेगर आणि मऊ ब्रशने साफ केल्यावर ती सरळ झाली. विक्रेत्याने याविषयी अवाक्षरही काढले नव्हते.