बीएमडब्ल्यू ३३०आय: गाडी अव्वल, सर्व्हिस मात्र आपण लक्ष घालू तेवढीच

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या मोटर शोमध्ये आलेली जी२० पिढीची ३३०आय चालवायला किती छान आहे, यावर बहुतेक रिव्ह्यू संपतात. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २५८ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर टॉर्क, झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ताकद मागच्या चाकांना, शून्य ते शंभर ५.८ सेकंदांत. वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं असल्यामुळे वळणावर गाडी सांगाल तिथे जाते. यात वाद नाही. वाद सुरू होतो तो गाडी सर्व्हिसला सोडायला लागल्यावर. अधिकृत सेंटरचा लाउंज थंडगार असतो, कॉफी बरी मिळते, अ‍ॅडव्हायझर अदबीने बोलतो. कामाचा दर्जा मात्र जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना भरल्या जाणाऱ्या कामाच्या कागदावर, नेमकं काय लिहिलंय आणि बिल कोण वाचतंय, यावर ठरतो.

सर्व्हिस कधी करायची हे गाडी स्वतःच सांगते. ऑईल, ब्रेक फ्लुइड, पुढचे पॅड, मागचे पॅड, वाहन तपासणी असे वेगवेगळे काउंटर स्क्रीनवर चालू असतात आणि सेंटर सहसा स्क्रीनवर ज्याची मुदत भरलीय तेवढंच करतं. ऑईलचं अंतर बऱ्याच देशांत दोन वर्षं किंवा ३०,००० किलोमीटरपर्यंत ताणलेलं आहे. पहिल्या मालकाचा खर्च कागदावर कमी दिसावा यासाठी हे सोयीचं आहे, इंजिन पंधरा वर्षं टिकावं यासाठी नाही. या गाडीच्या बी४८ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. रोजच्या पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, थोडं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. ऑईल पातळ होतं. त्याचा त्रास टर्बोच्या बेअरिंगला आणि टायमिंग चेनला, आणि ही चेन इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिच्यापर्यंत पोचायचं तर इंजिन किंवा गिअरबॉक्स बाहेर काढावा लागतो. त्यामुळे १०,००० ते १२,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा ऑईल बदला. सेंटर नाही म्हणत नाही, फक्त काउंटर रिसेट करायला विसरतं. ते जॉब कार्डवर लिहून घ्या.

ऑईल बदलीत चुकण्यासारखं फार काही नसतं, तरी चुकतं. इंजिनात फिल्टरसकट ५.२५ लिटर ऑईल लागतं. डिपस्टिक नाही, पातळी सेन्सर मोजतो. सेंटरमध्ये ऑईल ड्रमच्या गनने भरलं की कधीकधी जास्त पडतं आणि घरी पोचेपर्यंत ‘पातळी कमालपेक्षा वर’ असा इशारा येतो. म्हणून गाडी ताब्यात घेताना इंजिन गरम, गाडी सपाट जागेवर, गिअर पार्कमध्ये अशा स्थितीत मेनूतून सविस्तर मोजणी करा. एखादा मिनिट लागतो. किमान आणि कमाल खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर आहे, त्यात पट्टी कमालच्या जरा खाली असावी. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा हवा. फिल्टरच्या टोपणाची रबर रिंगही फिल्टरबरोबर बदलायची आणि टोपण २५ न्यूटन मीटरलाच आवळायचं, कारण ते प्लास्टिकचं आहे आणि पान्याचा जोर लावला की तडकतं. ऑईल एक-एक लिटरच्या डब्यांतून भरलं असेल तर बिलात सहा लिटर दिसेल. उरलेला पाऊण लिटर तुमचा, तो डिकीत ठेवायला सांगा. ग्रेड ओनर्स मॅन्युअलमध्ये दिलेल्या मंजुरीप्रमाणेच हवा. डब्यावर नुसतं ‘जर्मन गाड्यांसाठी’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही.

याच इंजिनाचं दुसरं दुखणं कूलंटचं. ऑईल फिल्टरचं घर प्लास्टिकचं आहे आणि त्यातून ऑईल व कूलंट दोन्ही जातात. उष्णतेने ते आणि त्याची सीलं थकतात, बारीक गळती सुरू होते, ती गरम इंजिनावर सुकते आणि जमिनीवर थेंब दिसत नाही. लक्षण एकच: थंड इंजिनावर पाहिलेली टाकीतली पातळी महिन्यागणिक खाली जाते, कधी बॉनेट उघडल्यावर गोडसर वास येतो. सेंटरचा ठरलेला उपाय म्हणजे ‘टॉप-अप करून दिलं’. त्यावर समाधान मानू नका. बंद कूलंट यंत्रणेत कूलंट नाहीसा होत नाही, तो कुठूनतरी जातोच. प्रेशर टेस्ट मागा आणि तिचा निकाल जॉब कार्डवर घ्या. वॉरंटी संपायच्या आधी हा कागद हातात असेल तर पुढचं बोलणं खूप सोपं जातं.

गिअरबॉक्स हा या गाडीतला सगळ्यात चांगला भाग, आणि त्याच्या ऑईलबद्दलच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. सेंटरला विचारा, उत्तर ठरलेलं: ‘लाइफटाइम फिल, बदलायची गरज नाही.’ हा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑईल बदलायला सांगते. गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकावं. तळाचा सम्प, म्हणजे ऑईल साठणारं पात्र, प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच बसवलेला असतो, त्यामुळे फिल्टर बदलायचा म्हणजे सम्प, गॅस्केट आणि स्क्रू असा पूर्ण किटच लागतो. किट झेडएफचा स्वतःचाही मिळतो. खरी कसोटी पातळीची आहे: गाडी लिफ्टवर अगदी सपाट, इंजिन चालू, गिअर एक-एक करून फिरवलेले आणि ऑईलचं तापमान स्कॅनरवर चाळीस अंशांच्या आसपास असताना भरणीच्या भोकातून ऑईल जेमतेम ओघळू लागलं की प्लग लावायचा. तापमान न बघता ‘ओतून भरलं’ असं जो सांगतो, त्याच्याकडे हे काम देऊ नका. खाली काढलेल्या ऑईलने गिअरबॉक्स पूर्ण रिकामा होत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

ब्रेकच्या बाबतीत सेंटरची सवय पॅडबरोबर डिस्कही विकायची. कधी ते बरोबर असतं, कधी नुसतं बिल फुगवणं. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटर लावून चारही डिस्कचे आकडे लिहून द्या म्हणा. ‘डिस्कला लिप आली आहे’ (म्हणजे कडेला उंचवटा आलाय) हे कारण पुरेसं नाही, आकडा हवा. पॅडची झीज कळवणारे वेअर सेन्सर दोनच आहेत: पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाला. म्हणजे उलट बाजूचा पॅड, तो दाबणारा कॅलिपर अडकल्यामुळे, जास्त झिजला तर गाडी गप्प बसते. दर सर्व्हिसला चारही चाकांची तपासणी हवी ती यासाठी. सेन्सर घासून तुटला असेल तर तो नवाच लागतो. मागचे पॅड बदलताना इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो. पिस्टन क्लॅम्पने दाबून मागे ढकलणारा मेकॅनिक मोटरची वाट लावतो. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, गाडी कितीही कमी चालली तरी. डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंश. घाटात उतरताना पेडल मऊ लागतं ते याच फरकामुळे.

टायरबद्दल थोडक्यात. बऱ्याच गाड्या रनफ्लॅटवर येतात आणि डिकीत स्टेपनी नसते. हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. किंमत मोजायची ती कडक साइडवॉलने: खड्ड्यांत गाडी आपटते आणि अलॉयला जास्त मार बसतो. १८ इंची मिश्र जोडीत पुढे २२५/४५ आणि मागे २५५/४० असतात, त्यामुळे पुढचे टायर मागे फिरवता येत नाहीत. तरीही काही सेंटर ‘टायर रोटेशन’ बिलात लावतात. मिश्र जोडी असेल तर ती ओळ सरळ कापायला लावा. मागचे टायर आतल्या कडेला जास्त झिजतात. उभं राहून ते दिसत नाही, लिफ्टवर गाडी असताना हात फिरवून बघावं लागतं. अलाइनमेंट केली तर आधीची आणि नंतरची अशी दोन्ही प्रिंट घ्या. आधी मागचा एक्सल, मग पुढचा, हा क्रम असतो. मागच्याला हातच लावला नसेल तर प्रिंटमध्ये कळतं.

बॅटरी बदलताना गाडीच्या संगणकात नव्या बॅटरीची नोंद करावी लागते. नोंद नसेल तर चार्जिंग यंत्रणा जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशोबानेच चालते आणि नवी बॅटरी लवकर खराब होते. बॅटरी डिकीत असल्यामुळे तिची वायू बाहेर सोडणारी नळी पुन्हा जोडली का, तेही बघा. ही नळी लोंबकळत सोडलेली हमखास सापडते.

आता जॉब कार्ड. ‘पुढून आवाज येतो’ असं लिहिलं की उत्तर येतं ‘दोष आढळला नाही’. त्याऐवजी असं लिहून घ्या: ‘गाडी थंड असताना, ताशी २० ते ३० वेगात, डावीकडे वळताना उजव्या पुढच्या बाजूने टकटक, दहा मिनिटांनी कमी होतो.’ मेकॅनिकला यातून डाव्या-उजव्याचा, तापमानाचा आणि भाराचा धागा मिळतो. त्याहून चांगलं म्हणजे फोरमनला शेजारी बसवून आवाज ऐकवायचा. अ‍ॅडव्हायझर नको, तो लिहून घेणारा असतो. मधूनच येणारा वॉर्निंग लाइट असेल तर ‘एरर क्लिअर केला’ हे काम नव्हे. प्रत्येक फॉल्ट कोडसोबत तो किती किलोमीटरला आला याची नोंद गाडीत साठवलेली असते. पुसण्याआधी तिची प्रिंट मागा, दुसऱ्यांदा लाइट लागला की तीच उपयोगी पडते.

एस्टिमेटमध्ये इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग या ओळी आपोआप उगवतात. मॅन्युअलच्या वेळापत्रकात यातलं काही नाही. व्हॉल्व्हवर कार्बन साठणं मात्र खरं आहे, कारण थेट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहतच नाही आणि टाकीत ओतलेलं कुठलंही औषध तिथे पोचत नाही. त्यावर इलाज अक्रोडाच्या टरफलाच्या भुग्याने ब्लास्टिंग करण्याचा, तोही आयडलिंग खडबडीत झालं असेल आणि कॅमेऱ्यातून थर दिसत असेल तरच.

लेबर बघताना घड्याळ विसरा. बीएमडब्ल्यूच्या पद्धतीत काम ठरावीक युनिटमध्ये मोजतात आणि १२ युनिट म्हणजे एक तास. दोन कामं एकत्र केली की युनिट दोनदा लागण्याची शक्यता असते. ऑईल बदलायला इंजिनाखालचा पत्रा काढला, गिअरबॉक्सच्या कामालाही तोच काढला, आणि काढण्या-लावण्याचे युनिट दोन्हीकडे मांडले. ‘हे सामायिक काम आहे ना?’ एवढा शांत प्रश्न पुरतो. पार्टच्या ओळीसमोर अकरा अंकी पार्ट नंबर असावा. चॅसिस नंबरचे शेवटचे सात अंक दिले की तो पार्ट आपल्याच गाडीचा आहे का, हे कॅटलॉगमध्ये ताडून बघता येतं.

वॉरंटीत असेपर्यंत अधिकृत सेंटरच ठीक. नंतर तिथे न्यायचं ते रिकॉल, चावीचं काम आणि सॉफ्टवेअर अपडेट यांसाठी. अपडेट तासन्‌तास चालतं आणि तेवढा वेळ गाडीला बाहेरून स्थिर वीजपुरवठा लागतो. मध्येच व्होल्टेज पडलं तर एखादं मॉड्यूल कायमचं बंद पडू शकतं, म्हणून हे काम घरच्या चार्जरवर करणाऱ्यांपासून लांब राहा. रिकॉल आहे का हे चॅसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर कळतं, आणि ते काम फुकट होतं. बाकी ऑईल, ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्सची सर्व्हिस हे सगळं कंपनीचं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर वापरणारा स्वतंत्र स्पेशालिस्ट कमी पैशांत आणि बऱ्याचदा जास्त काळजीने करतो. तिथे काम करणारा माणूस समोर भेटतो, हाही फायदाच.

गाडी परत घेताना पाच मिनिटं द्या. धुतलेल्या गाडीवर फडक्याचे ओरखडे उन्हात दिसतात. नको असेल तर आधीच ‘वॉश नको’ लिहून ठेवा. खालच्या प्लास्टिक पत्र्याचे स्क्रू मोजायला सांगा, एखादा राहिला की हायवेला फडफड ऐकू येते. चाकं काढली असतील तर बोल्ट टॉर्क रेंचने १४० न्यूटन मीटरला आवळले का, विचारा. एअर गनने ठोकून बसवलेला बोल्ट रस्त्यात गाडीच्या पान्याने सुटत नाही. आणि व्हील लॉकची चावी डिकीत जागेवर परत आली का ते स्वतः बघा, ती मेकॅनिकच्या ट्रॉलीवर राहिलेली असते.